गाडी कोनती शे?

फोनच्या नकाशात नुसतं ‘धानोरा’ टाकून बघा. गडचिरोलीतलं तालुक्याचं धानोरा येईल, जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडचं येईल, बीडमध्ये आष्टीकडचं येईल. आमचं धानोरा नंदुरबार जिल्ह्यातलं. ते हवं असेल तर जिल्ह्याचं नाव जोडावंच लागतं. पण आमच्या गावात तुम्ही कुणाला पुढच्या गावाचा रस्ता विचारलात, तर उत्तराआधी एक प्रश्न येतो: “गाडी कोनती शे?”

मोटारसायकल असेल तर शेतातून जाणारा रस्ता सांगतात. जीप असेल तर नाल्याला पाणी आहे का, ते बघून सांगतात. ट्रक असेल तर माल काय आहे, हेही विचारतात. कारण कापूस भरलेला ट्रक रिकाम्या ट्रकपेक्षा कितीतरी उंच होतो आणि रस्त्यावर वाकलेली तार रिकाम्या ट्रकला लागत नसली तरी भरलेल्याला लागते. एकाच गावाला जायचे तीन रस्ते, आणि तिन्ही बरोबर.

माझे वडील, आबा, सव्वीस वर्षं ट्रकवर होते. नंदुरबारची मिरची, शहाद्याकडची केळी, कापूस, जे मिळेल ते. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. त्या काळात रस्ते माहीत असणं हीच ड्रायव्हरची कमाई होती. कुठला घाट पावसात टाळायचा, कुठल्या रेल्वेपुलाखाली ताडपत्री घासते, कुठल्या गावात बाजाराच्या दिवशी शिरायचं नाही, हे ज्याला माहीत त्याला मालक शोधत यायचे. मग फोन आले. शेवटच्या दोन वर्षांत आबांना कुणी रस्ता विचारलाच नाही. एका मालकाने तर सरळ सांगितलं, “आता पोरगं ठेवलं तरी चालतं, नकाशा सांगतो सगळं.” आबा घरी येऊन काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून गाडीत बसले की खिडकीबाहेर बघायचे, रस्त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

हे फक्त आबांचं झालं नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना १८६५ पासून एक परीक्षा द्यावी लागते. तिचं नावच ‘नॉलेज’. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करायचे. २००० साली तिथल्या संशोधक एलेनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं, की या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतला, जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. आबांच्या मेंदूचा फोटो कुणी काढला नाही. काढला असता तर धुळे ते इंदूर सगळे ढाबे दिसले असते, असं आई म्हणते.

माझी ताई आणि दाजी म्युनिकजवळ राहतात. २०२३च्या जूनमध्ये आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दाजींनी आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतलं. म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी. जर्मनीतून ऑस्ट्रिया ओलांडून इटलीत गार्डा सरोवरापर्यंत जायचं आणि परत यायचं. गाडी सात मीटर लांब, जवळजवळ तीन मीटर उंच, वजन साडेतीन टनांपर्यंत. आबा तिच्याभोवती दोनदा फिरले, टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, “हाऊ ते ट्रक शे.”

दाजींनी नेहमीचा फोन समोर लावला, निळी रेघ आली आणि आम्ही निघालो.

आता ही निळी रेघ येते कुठून, ते थोडं बघू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि तो सतत सांगत राहतो, ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले.’ फोन किमान चार उपग्रहांचं ऐकतो, संदेश यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, इतकं ते नाजूक काम आहे. यासाठी इंटरनेटही लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला की परदेशात सिमकार्डाशिवायसुद्धा रस्ता सापडतो.

पण उपग्रहाचं काम इथे संपतं. तो सांगतो तुम्ही कुठे आहात. रस्ता तो सांगत नाही. रस्ता नकाशा सांगतो, आणि फोनमधला नेहमीचा नकाशा तुम्ही साध्या मोटारीत बसला आहात असं धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात महामार्गावर कोंडी झाली. फोनने बाजूचा रस्ता सुचवला: अकरा मिनिटं वाचतील. आम्ही एका छोट्या गावात शिरलो. दोन्ही बाजूंना घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, आणि वळणावर रेल्वेचा जुना दगडी पूल. फोन म्हणत होता, सरळ.

“पाव्हना, थांबा!” आबा मागून ओरडले.

पुलाच्या अलीकडे पाटी होती. लाल वर्तुळ, आत आकडा, आकड्याच्या वर आणि खाली एकेक काळा त्रिकोण. आबांना जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम. पण ही पाटी आपल्याकडेही अशीच असते. आकडा होता २.८. आमची गाडी २.९५. पंधरा सेंटिमीटरचा प्रश्न होता, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तेवढ्यात गाडीचं छत गेलं असतं, आणि त्या छताखालच्या पलंगावर आई झोपली होती.

मागे चार गाड्या उभ्या. दाजींच्या कपाळावर घाम. आबा दार उघडून खाली उतरले, मागच्या गाड्यांना हाताने थोपवलं आणि गाडीच्या कडेला उभं राहून पत्र्यावर थाप मारली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. दाजी पुण्यात वाढलेले, त्यांना ही भाषा कुणी शिकवली नव्हती. तरी ती त्यांना कळली. मागच्या जर्मन ड्रायव्हरलाही कळली. “येऊ द्या, येऊ द्या, डावं कापा, बस!” सात मीटरची गाडी त्या गल्लीतून उलटी बाहेर आली. कुंडीतलं एक फूलही पडलं नाही. आबा परत गाडीत चढले तेव्हा त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांनी तसा पाहिला.

त्या रात्री कॅम्पिंगच्या जागेवर ताईने मोठ्या गाड्यांसाठीचं नेव्हिगेशन अॅप फोनमध्ये घेतलं. त्यात पहिल्यांदाच गाडीची माहिती भरावी लागते. उंची, लांबी, रुंदी, वजन. कागदावर बघून ताई आकडे भरत होती. रुंदीपाशी आली तेव्हा आबांनी विचारलं, “आरसा धरीसन का आरसा सोडीसन?”

कागदावरची रुंदी आरसे सोडून असते. आमच्या गाडीची कागदावर २.३ मीटर होती, आरसे धरून त्याहून बरीच जास्त. परतीच्या वाटेवर जर्मनीत महामार्गाचं काम चालू होतं. तिथे डावी लेन अरुंद करतात आणि पाटीवर २.१ मीटर किंवा तसाच आकडा लिहितात, तो आरशांसकट धरायचा असतो. आम्ही निमूट उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या रांगेत राहिलो. आबा त्या ट्रकांकडे बघून हात हलवत होते.

असे बरेच प्रश्न आहेत. ऑस्ट्रियात महामार्गासाठी पास लागतो, आणि गाडी साडेतीन टनांच्या वर गेली की पास चालत नाही, टोलचं वेगळं यंत्र बसवावं लागतं. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरी येतो. सरळ आतमध्ये जाणारी रेघ दिसली म्हणून आपल्याला आत जायची परवानगी आहे, असं नसतं. ब्रिटनमध्ये रेल्वेपुलांना दरवर्षी हजाराहून जास्त वेळा गाड्या धडकतात.

आपल्याकडे तर याहून वाईट घडलंय. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशा बघत चाललेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघं गेले. अशा बातमीखाली लोक लिहितात, ‘नकाशावर विश्वास ठेवूच नका.’ मला ते पटत नाही. त्या आठ दिवसांत शेकडो किलोमीटर आम्हाला नकाशानेच नेलं, आणि सगळ्यात जास्त कौतुक आबांना वाटलं. “इतलं माले मिळतं तं,” ते म्हणाले आणि थांबले. हे मला मिळालं असतं तर. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

मला वाटतं, आबांचं ज्ञान दोन प्रकारचं होतं. एक, रस्ता कुठून कुठे जातो. ते फोनने घेतलं, आणि घेतलं ते बरंच झालं. आज नवखं पोरगंही रात्री वाट चुकत नाही. दुसरं, ही गाडी, हा माल, हा पाऊस घेऊन त्या रस्त्याने जावं की नाही. ते फोनने अजून घेतलेलं नाही, कारण ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही. युरोपातल्या त्या अॅपला पुलांची उंची माहीत होती, कारण कुणीतरी ती मोजून नकाशात भरली होती. चांदसैली घाटात पहिल्या जोरदार पावसानंतर दरड कुठे येते, हे आबांना माहीत आहे, पण ते कुठे भरलेलं नाही.

२००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक खुला नकाशा आहे. विकिपीडियासारखा, कुणीही त्यात भर घालू शकतं. पुलाची उंची, रस्त्याची रुंदी, कच्चा की पक्का, पावसात पाण्याखाली जातो का, या सगळ्याला त्यात जागा आहे. परत आल्यापासून रविवारी मी आणि आबा स्कूटरवर निघतो. माझ्याकडे फोन आणि मोजपट्टी, आबांकडे यादी. रेल्वेखालचे बोगदे, नाल्यावरचे फरशी पूल, ऊस भरलेली ट्रॉली जिथे अडकते ती वळणं. ते सांगतात, मी मोजते आणि भरते. आतापर्यंत एकोणीस जागा झाल्या आहेत.

आबा ६८ वर्षांचे आहेत. यादी त्यांनी कागदावर लिहिलेली नाही, आणि दर रविवारी ती थोडी वाढते.