आमचा खटाव कुठं गेला?

गेल्या महिन्यात एका शनिवारी गावी गेलो होतो. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायचं काम आईनं खास माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. ट्रंकेत जुने सातबारे, माझी दहावीची गुणपत्रिका (तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी!) आणि तळाशी आबांचं जुनं मतदार ओळखपत्र. फोटोत आबा फरारी दरोडेखोर दिसतात. या कार्डावर माणूस माणसासारखा दिसला तर ते बाद करत असावेत, असा माझा जुना संशय आहे.

कार्डावर लिहिलं होतं, विधानसभा मतदारसंघ : खटाव.

आता असा मतदारसंघ अस्तित्वात नाही. तालुका आहे, वडूजला तहसील कचेरी आहे, खटाव नावाचं गावही आहे. मतदारसंघ मात्र २००८ साली गेला. "हे टाकून देऊ का?" म्हटल्यावर आबांनी कार्ड हातातून काढून घेतलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

तर झालं होतं असं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ च्या जनगणनेवर देशभरातले मतदारसंघ नव्यानं आखले. १९ फेब्रुवारी २००८ पासून ते लागू झाले, आणि महाराष्ट्रात २००९ च्या दोन्ही निवडणुका त्यावर झाल्या. राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, ४८ आणि २८८. जिल्ह्याजिल्ह्यांतली वाटणी बदलली. सातारा दहावरून आठवर आला, सांगली नवावरून आठवर. साताऱ्यातून खटाव आणि जावळी ही दोन नावं गेली.

आमच्या तालुक्याचे तीन तुकडे झाले. वडूजकडचा भाग माणमध्ये, पुसेगाव आणि खुद्द खटाव गाव कोरेगावमध्ये, पुसेसावळी कराड उत्तरमध्ये. त्यातला माण माढा लोकसभेत, बाकीचे दोन सातारा लोकसभेत. एक तालुका, तीन आमदार, दोन खासदार! आमची आत्या पुसेगावला, मामा पुसेसावळीला, आम्ही वडूजजवळ. चुलतभावाच्या लग्नात मांडवाबाहेर तीन वेगवेगळ्या आमदारांचे फ्लेक्स लागले होते, आणि कुणाचा फोटो मोठा यावरून पाव्हण्यांत जे झालं ते इथं लिहीत नाही.

आता आपला धंदाच आकड्यांचा. त्या रात्री लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये हिशेब मांडला. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण ९ कोटी ६९ लाख. भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार. सातारा जिल्हा २८ लाख, भागाकार ८.३. सांगली २५.८ लाख, भागाकार ७.७. दोघांनाही आठ-आठ. मग १९७१ चे आकडे घातले, कारण आधीची आखणी त्यावर होती. सातारा ९.९, म्हणजे दहा. तंतोतंत! ठाणे तेव्हा तेरा, २००१ च्या आकड्यांवर चोवीस. पुणे अठरावरून एकवीस झालं.

म्हणजे लबाडी कुठं नाही. अमेरिकेत राज्यातला सत्ताधारी पक्षच बऱ्याचदा आपल्या सोयीनं रेघा मारतो. २०२५ मध्ये टेक्सासनं जनगणनेची वाटही न बघता नकाशा बदलला. आपल्याकडं तसं झालं नाही. सरळ भागाकार झाला. दर माणशी मताची किंमत सारखी हवी, तर हे करावंच लागतं, आणि ठाण्याच्या माणसानं तीस वर्षं कमी आमदारांवर भागवलं हेही खरंच आहे.

पण ठाण्यात, मुंबईत, पुण्यात ही माणसं आली कुठून?

आमच्याकडूनच की! माण-खटाव, आणि शेजारी सांगलीतले खानापूर-आटपाडी, हा सगळा अवर्षणाचा पट्टा. पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईत माथाडी झाली, गिरणीत गेली. खानापूर-आटपाडीची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, त्यांत आमच्या खटावचेही होते. २००१ च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२२ बायका होत्या आणि सातारा जिल्ह्यात ९९५. हे वाचून आपण किती पुढारलेले असं कुणाला वाटेल. आमच्या गल्लीत विचारा, पुरुष होतेच कुठं मोजायला?

आणि मीही त्यातलाच. २००१ ला पुण्यात होस्टेलवर होतो, माझी मोजणी तिथंच झाली. मी आणि माझ्यासारखे हजारो, आम्ही गेलो तिकडं जागा गेल्या.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी चहा पिताना आबांना मोठ्या उत्साहात समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं (क्लायंटसुद्धा इतकं ऐकत नाही). मग म्हणाले, "म्हणजे तू गेलास तो गेलास, जाताना आमदार बी घेऊन गेलास."

यावर काय बोलणार?

२००९ च्या एप्रिलमध्ये मी मुद्दाम रात्रीच्या एसटीनं मतदानाला गेलो होतो, नव्या मतदारसंघात पहिल्यांदा. तिथं कळलं की आपण आता माढ्याचे. माढा सोलापूर जिल्ह्यात, आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढं. आमच्या गावातल्या किती जणांनी माढा पाहिलं असेल? उमेदवार खुद्द शरद पवार, तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री. ते निवडूनही आले. मी म्हटलं, "आबा, देशाचा कृषिमंत्री आपला खासदार, अजून काय पाहिजे?" आबा म्हणाले, "माणूस मोठा हाय रं. पण आमचं गाऱ्हाणं घेऊन जायचं कुठं, माढ्याला का बारामतीला?"

पुढाऱ्यांचं बरं असतं, ते सरकतात. जावळी गेली तसे तिथले आमदार शशिकांत शिंदे कोरेगावातून उभे राहिले आणि जिंकले. फलटण राखीव झालं, रामराजे नाईक-निंबाळकर विधान परिषदेत गेले. कराड लोकसभा मतदारसंघच संपला, पण तिथले शेवटचे खासदार श्रीनिवास पाटील २०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्यातून पुन्हा लोकसभेत पोचले. सांगलीत भिलवडी-वांगी गेला, पतंगराव कदम पलूस-कडेगावमधून आले. इस्लामपूर आणि शिराळा जिल्ह्यानं सांगलीत, पण खासदार हातकणंगल्याचा. तिथंही लोकांनी जमवून घेतलं म्हणा.

सरकता येत नाही ते गावाला. आणि पाण्याला. आमची येरळा खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वर ती कोरेगाव मतदारसंघात, वडूजला माणमध्ये, पुढं सांगलीच्या हद्दीत. जिहे-कठापूर योजनेत कृष्णेचं पाणी उचलून नेरच्या तलावात आणायचं आणि तिथून येरळेत सोडायचं. आता नेर एका आमदाराकडं, वडूज दुसऱ्याकडं. पाणी आलं की श्रेय घ्यायला तिघं, नाही आलं की "ते माझ्या मतदारसंघात येत नाही". पूर्वी एकाच माणसाला धरून बसता यायचं. तो काम करायचाच असं नाही, उगीच जुनं ते सोनं म्हणणार नाही. पण शिव्या कुणाला घालायच्या हे नक्की होतं.

२०१४ ला मी माझं मत पुण्याला हलवलं. मुलीची शाळा, सोसायटीचं पाणी, रस्ता, सगळं इथलंच. कायद्यानं नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि जिथं राहतो तिथं मत द्यावं हे मला पटतंही. आबांना फोनवर सांगितलं. "बरं" म्हणाले. नंतर आईकडून कळलं की दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

आता पुढचं. जागांच्या वाटणीवरची बंदी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि ती जनगणना जाहीर वेळापत्रकाप्रमाणे २०२७ ला. त्यानंतर पुन्हा कधीतरी भागाकार होणार. सातारा आठवर राहील की आणखी खाली जाईल? एक्सेलमध्ये रकाना तयार आहे, आकडा नाही.

परवा आबांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा, कांद्याचा भाव, म्हशीचं दुखणं. मग जरा थांबून म्हणाले, "ती माणसं मोजायला येणारायत म्हणं. तेवढं चार दिवस पोरांना घेऊन इकडं येऊन राहा की."

मी म्हटलं, "आबा, तसं नसतं. आपण नेहमी जिथं राहतो तिथंच मोजतात."

"बरं," आबा म्हणाले. फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "तुझी रजा किती शिल्लक आहे?"