लंडनचा सूर्य, सन्नतीची माती

माझ्याकडे रोमन नाणी आहेत असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोन्याचा हंडा उभा राहतो. मंडळी, तसं काही नाही. माझी नाणी कांस्याची, हिरवट आणि झिजलेली आहेत. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला एखादी देवता: कधी ज्युपिटर, कधी विजयादेवी, कधी सूर्य. चौथ्या शतकात रोमन टांकसाळींनी अशी नाणी इतकी पाडली, की आजही ती माझ्यासारख्या पगारदार माणसाच्या खिशाला परवडतात.

हा नाद लागला तो आजीच्या पेटीमुळे. त्यात १९०१ सालचा एक पाव तांगा होता, त्यावर पोर्तुगालच्या दों कार्लुस राजाचं डोकं. "हो पळय, आमचो राजा," आजी हसत म्हणायची. ज्या राजाने गोव्यात कधी पाऊल ठेवलं नाही, त्याचं तोंड माझ्या आजीला पाठ होतं! नाण्याची ही गंमत मला तेव्हाच कळली.

माझी सासुरवाडी बीदर जिल्ह्यातल्या भालकीची. घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी. सासऱ्यांची कुलदेवता सन्नतीची चंद्रलांबा, त्यामुळे पंधराएक वर्षांपूर्वी सगळे मिळून देवीला गेलो. वाटेत गुलबर्ग्याला मुक्काम होता (२०१४ साली त्याचं कलबुरगी झालं). तिथे एका जुन्या वस्तूवाल्याने फडक्यातून एक नाणं काढलं. डोक्यावर किरणांचा मुकुट, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोल. सूर्यदेव! "सन्नतीचं आहे साहेब, भीमेच्या काठचं," तो हळूच म्हणाला. मी चार हजार मोजले. घासाघीससुद्धा केली नाही.

का करीन? सन्नती म्हणजे साधं गाव नव्हे. १९८६ साली चंद्रलांबेच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीखालच्या शिळेवर चक्क अशोकाचे आदेश निघाले. जवळच कनगनहळ्ळीला १९९४ ते २००१ या काळात पुरातत्त्व खात्याने मोठा स्तूप उकरून काढला. तिथल्या एका शिल्पावर ब्राह्मीत 'राया असोको' असं नाव कोरलेलं आहे. सातवाहन राजेही तिथे नावानिशी भेटतात. अशा मातीतलं रोमन नाणं माझ्या खिशात! भालकीला परतल्यावर मी लगेच चिठ्ठी लिहिली: 'सन्नती, भीमाकाठ.'

सासऱ्यांनी नाणं तळहातावर घेऊन निरखलं. मग म्हणाले, "जावईबापू, जिथून हे काढलं तिथं खड्डा झाला असेल की. तो बुजवला कुणी?"

मला उत्तर सुचलं नाही. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासूनचा. पण कायद्यापेक्षा तो खड्डाच डोक्यात राहिला. नाणं कोणत्या थरात होतं, शेजारी कोणतं खापर होतं, यावरूनच तर संशोधक त्या थराचा काळ ठरवतात. रात्रीत कुदळ मारणारा नाणं उचलतो आणि बाकीची पानं फाडून टाकतो. त्याची मजुरी मी दिली होती. वस्तूवाला खोटं बोलला असला तर मी फसलो होतो. खरं बोलला असला तर माझ्या पैशाने देवीच्याच गावची माती उकरली गेली होती. त्या रात्री प्रथमच मला वाटलं, आपण फसलेलो असावं.

गोव्याला परतल्यावर नाणं आठवडाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं आणि बांबूच्या काडीने हळूहळू माती काढली. अक्षरं दिसू लागली: 'सोली इन्व्हिक्टो कोमिटी', म्हणजे अजिंक्य सूर्याला, सम्राटाच्या सोबत्याला. पुढच्या बाजूला कॉन्स्टंटाइन. हा सम्राट पुढे ख्रिस्ती धर्माकडे वळला आणि सूर्य त्याच्या नाण्यांवरून हळूहळू मावळला. सूर्याच्या पायाखाली टांकसाळीची तीन अक्षरं होती: पी, एल, एन. एल-एन म्हणजे लोंदिनियम. आपलं लंडन!

ही नाणी साधारण ३१० ते ३१७ या काळातली. सातवाहनांची सत्ता त्याच्या आधीच, तिसऱ्या शतकात संपली होती. शिवाय रोमचा दख्खनशी व्यापार भरात होता तेव्हा इकडे यायची ती मुख्यतः सोन्या-चांदीची नाणी. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलं आहे, की भडोचला सोन्या-चांदीचे दिनार आणले तर स्थानिक नाण्यांशी अदलाबदलीत नफा होतो. कांस्याचं चिल्लर समुद्र ओलांडून आणण्यात व्यापाऱ्याला काय मिळणार? चौथ्या-पाचव्या शतकांतली रोमन कांस्य नाणी भारतात सापडतात खरी, पण ती मुख्यतः तमिळनाडूत. माझा सूर्य बहुधा आपल्याच काळात, कुरिअरच्या पाकिटातून गुलबर्ग्याला उगवला असावा.

हायसं वाटलं. आणि लाजही वाटली, कारण पैसे मोजताना मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सन्नतीचीच माती विकत घेत होतो.

पुढच्या खेपेला भालकीहून वाट वाकडी करून तेरला गेलो. हेच 'पेरिप्लस'मधलं तगर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या मातीतल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज त्या त्याच गावात, त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आहेत. संग्राहक म्हणायचं तर असा!

तेर आणि बीदरजवळचं कोंडापूर इथल्या उत्खननांत रोमन नाण्यांच्या मातीच्या नकलाही मिळाल्या आहेत, गळ्यात अडकवायला सोय केलेल्या. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी परक्या राजाचं तोंड मातीत ठसवून मिरवलं असेल! आपल्या बायकांच्या पुतळ्यांच्या माळेची कथाही अशीच: ती नक्षी मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली. रोमचा दख्खनशी संबंध दाखवायला माझ्या खोट्या पत्त्याच्या नाण्यापेक्षा ती भाजकी माती जास्त खरी साक्षीदार आहे, कारण ती कुठे सापडली हे लिहून ठेवलेलं आहे.

नाणं मी टाकून दिलं नाही. ते अस्सलच आहे, खोटा होता तो पत्ता. चिठ्ठी तेवढी बदलली: 'कॉन्स्टंटाइन. सूर्य. टांकसाळ लंडन. सापडल्याचं ठिकाण: माहीत नाही.' त्यानंतर 'अमक्या शेतातलं आहे' असं कुणी कुजबुजलं की मी हात जोडतो.

परवा पेटी आवरताना सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. 'माहीत नाही' असंच बहुतेक ठिकाणी लिहावं लागलं. कुठून, कुणाच्या हातून आलं हे छातीठोकपणे सांगता येईल असं नाणं पेटीत एकच निघालं: आजीचा पाव तांगा.