मोलोखिना वगैरे

मोलोखिना. तेरच्या बाजारात हा शब्द उच्चारला तर लोक चेष्टा समजतील. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तो 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात नोंदला. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर; तिथून जाडंभरडं कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि मोलोखिना गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातं. तगर म्हणजे आपलं तेर, असं अभ्यासक फ्लीटने १९०१ मध्ये मांडलं. शॉफने १९१२ च्या इंग्रजी भाषांतरात 'मॅलो क्लॉथ' लिहिलं. मॅलो हे झुडूप, ग्रीकांचं मोलोखे. मोव्ह हा फिका जांभळा रंगही त्याच्याच नात्यातला. म्हणून कुणी म्हणतं त्या रंगाचं कापड, कुणी म्हणतं त्या जातीच्या धाग्याचं. 'पेरिप्लस'च्या आधी दोन-अडीचशे वर्षं प्लाउटसच्या एका रोमन प्रहसनात बायकांच्या नटण्यामुळे दारात जी कारागिरांची रांग लागते, तिच्यात 'मोलोकिनारी'ही उभे आहेत. पैसे मागायलाच, अर्थात.

तगरपुरवराधीश्वर. शिलाहार राजांचं बिरूद. राज्य कोकणात, कोल्हापुरात. ताम्रपटात मात्र मिरवायचं तगर. आज उच्चारताना जीभ अडखळते.

थापटणं. ओल्या मडक्याला आतून गोटा धरून बाहेरून ठोकायचं लाकूड. गोरोबाकाकांनी याच तेर गावात ते संतांच्या डोक्यावर चालवलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, अशी कथा. कीर्तनात ऐकून शब्द सगळ्यांना ठाऊक. हातात धरलेले थोडे.

वाख. अंबाडीच्या सालीचा धागा. कापूस, भेंडी, जास्वंद आणि अंबाडी ही सगळी मॅलोचीच भावकी. म्हणून मला मोलोखिनापाशी आधी वाख आठवतो. (पुरावा म्हणून नव्हे.) पुरुषभर वाढलेली अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात दगडाखाली दाबायच्या. कुजल्या की लांबूनच वास यायचा. मग साल ओढायची, आपटून धुवायची, वाळवायची. हाती यायचा पिवळट, चमकदार झुबका. म्हातारी माणसं पारावर बोलता बोलता मांडीवर वळत बसायची. त्यातून दावं, कासरा, चऱ्हाट. आता कासरा नायलॉनचा. बैल आहेत तिथे.

अंबाडीची भाजी अजून मिळते. पण ती कोवळी असतानाच खुडतात. दोर वळण्याइतकं झाड आता क्वचितच कुणी वाढू देतं.