पानाचा पिवळा खरा कोणता? रॉ फोटोसाठी सॉफ्टवेअर निवडताना



सोयाबीनच्या पानांचे फोटो टाकले की हमखास विचारणा होते, "भाऊ, फोटो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बनवता?" आज त्याचंच सविस्तर लिहितो. पण आधी एक सांगतो. मी फोटो बनवत नाही. वावरात डोळ्याला जे दिसलं, ते पडद्यावर तसंच दिसावं एवढीच माझी खटपट. लग्नाच्या फोटोत नवरी गोरी दिसली तर कोणाचं काही बिघडत नाही. पिवळं पान हिरवं दिसलं, तर आपण भलतंच औषध घेऊन येतो.

हा नाद लागला तो अशाच एका पिवळ्या पानापायी. जुलैत आठ दिवस झड होती. वीस-पंचवीस दिवसांचं सोयाबीन सखल भागात पिवळं पडू लागलं. मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकले. एकानं लिहिलं लोह कमी पडलं, दुसऱ्यानं पिवळा मोझॅक, तिसऱ्यानं पाणी साचलं म्हणून. कृषी सहायक साहेब सरळ म्हणाले, "काका, शिरा हिरव्या आहेत का पिवळ्या, तेच या फोटोत कळून नाही राहिलं." मुद्दा तिथंच होता. लोहाची कमतरता असली की कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे वेडेवाकडे पसरतात आणि तो पांढऱ्या माशीमुळं फैलावतो. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी सरसकट फिकी होतात. तिन्हीचा इलाज वेगळा. मोबाईल मात्र फोटो चांगला दिसावा म्हणून हिरवा रंग स्वतःच वाढवून देतो.

पुतण्याचा जुना कॅननचा कॅमेरा घरात पडून होता. त्यात रॉ फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ते साहेबांना दाखवले, मग तेही वावरात येऊन पाहून गेले. शिरा स्वच्छ हिरव्या होत्या, म्हणजे लोहाची कमतरता. पांढऱ्या माशीच्या फवारणीचा तीन एकरांचा खर्च वाचला.

रॉ म्हणजे काय

रॉ फाईल म्हणजे अख्खी तूर आणि जेपीईजी म्हणजे भरडलेली डाळ. डाळ लवकर शिजते, पाठवायला सोपी, पण पेरली तर उगवत नाही. जेपीईजीमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्याच १६,३८४ असतात. म्हणून ढगाळ उजेडात निळसर आलेला किंवा सांजच्या उन्हात पिवळट आलेला फोटो रॉमधून पुन्हा खऱ्या रंगावर आणता येतो. कॅननची रॉ फाईल सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. ॲडोबीनं २००४ मध्ये डीएनजी नावाचा खुला प्रकार काढला. बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' मोड लावला की याच प्रकारात रॉ फोटो मिळतो. म्हणजे कॅमेरा नसला तरी अडत नाही.

अडचण एकच, रॉ फाईल जड असते. माझ्या कॅमेऱ्यात एक फोटो वीस-पंचवीस एमबीचा. एका फेरीत ६० फोटो काढले की दीड जीबी झालेच. एका हंगामात ढीग लागतो, आणि त्या ढिगातून तीन वर्षांपूर्वीचं पान शोधायचं म्हणजे गंजीत सुई शोधणं. म्हणून सॉफ्टवेअरला दोन कामं यायला पाहिजेत, रंग नीट करणं आणि फोटोंचा हिशेब ठेवणं.

माझे चार प्रश्न

पोरगा म्हणाला, "बाबा, सगळे लाइटरूम वापरतात, तेच घ्या." सगळ्यांनी पेरलं म्हणून तेच वाण आपल्या जमिनीत पेरत नाही आपण. मी चार प्रश्न वहीत लिहिले.

१. मूळ फाईलला हात लागतो का?
२. मी लिहिलेल्या नोंदी कुठं साठतात?
३. एका फोटोला लावलेला रंग बाकीच्या साठांना एकदम लावता येतो का?
४. उद्या पैसे, इंटरनेट किंवा ते सॉफ्टवेअरच बंद झालं, तर माझ्या हाती काय राहतं?

चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, पण माझ्या मते तोच मोठा. गुगलचं पिकासा किती लोकांच्या कॉम्प्युटरवर होतं, ते २०१६ मध्ये बंद केलं. ॲपलचं ॲपर्चर २००५ मध्ये आलं आणि दहा वर्षांत थांबलं. आपल्या पिकाच्या नोंदी दहा वर्षांनीही लागणार. बी आपलं पाहिजे आणि कोठीची किल्लीही आपलीच पाहिजे.

काय काय पाहिलं

लाइटरूम २००७ पासून आहे. वापरायला सोपं, फोटोंचा हिशेब चांगला, मूळ फाईलला धक्का लावत नाही. शिकवणारे व्हिडिओ भरपूर. एकदा पैसे देऊन विकत मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी होती, २०१७ नंतर सगळं वर्गणीवर गेलं. वर्गणी थांबली तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण रंग सुधारायचा विभाग बंद होतो. ज्याचा धंदाच फोटोचा आहे, त्याला हे परवडतं. माझी आवक वर्षातून दोनदा, दरमहा वर्गणी मला जमत नाही.

डार्कटेबल फुकट आणि खुलं आहे. २००९ मध्ये सुरू झालं, विंडोजवर २०१७ अखेरीस आलं. रंगाचं काम फार बारकाईनं होतं. प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाईल तयार होते, तिच्यात सगळे बदल आणि नोंदी राहतात. पण बटणं फार, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या मशीनवर ते रेंगाळतं.

रॉथेरपी गाबोर होर्वाथ नावाच्या माणसानं सुरू केलं, २०१० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. हेही फुकट. एका फोटोची मांडणी उचलून बाकीच्यांवर चिकटवता येते आणि रांगेला लावून सगळे एकदम काढता येतात. शोधाशोधीत मात्र थोडं कमी पडतं.

डिजिकॅमही फुकट. त्याचा जोर हिशेबावर आहे. खुणेचे शब्द, तारे, तारीख, ठिकाण यांवरून हजारो फोटोंतून नेमका हवा तो काढून देतं. कॅनन आणि निकॉन आपापल्या कॅमेऱ्यांसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देतात, ज्याला साधंच काम आहे त्यानं तिथून सुरुवात करावी. मोबाईलवर डीएनजीसाठी स्नॅपसीड चालतं.

मी काय ठरवलं

हिशेबाला डिजिकॅम, रंगाला रॉथेरपी. दोन बैल वेगवेगळे आहेत, पण औत सरळ चालतं.

फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वावर आणि पीक. म्हणजे कॉम्प्युटर आपोआप क्रमानं लावतो. डिजिकॅममध्ये प्रत्येक फोटोला खुणा देतो: सोयाबीन, वाण, पेरणीपासून किती दिवस, लक्षण. ओळख पक्की झाली नसेल तर रोगाचं नाव लिहीत नाही, 'कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या' असं जे दिसलं तेच लिहितो. हलके-धूसर फोटो त्याच रात्री काढून टाकतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. खुणा आणि तारे एक्सएमपीमध्ये लिहायची सेटिंग चालू केली, तर दुसरी सॉफ्टवेअरंही त्या वाचू शकतात. रंगकाम मात्र जात नाही, लाइटरूमचं डार्कटेबलला नीट कळत नाही आणि डार्कटेबलचं रॉथेरपीला कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या फोटोची पक्की जेपीईजी काढून मूळ फाईलशेजारीच ठेवतो.

खऱ्या रंगासाठी सॉफ्टवेअरपेक्षा मोठं काम एका राखाडी कार्डाचं. दुकानात 'ग्रे कार्ड' म्हणून मिळतं. प्रत्येक वावरात पहिला फोटो पानाशेजारी कार्ड धरून काढायचा. कार्डावर आणि पानावर उजेड एकच पाहिजे. नंतर व्हाइट बॅलन्सच्या बटणानं त्या कार्डावर टिचकी मारायची आणि तोच हिशेब त्या वावरातल्या बाकी फोटोंना लावायचा. उजेड बदलला की कार्डाचा फोटो पुन्हा काढायचा. पांढऱ्या कागदावर भिस्त ठेवू नका, बऱ्याच कागदांत निळसर चमक असते. हिरव्या शेडनेटखाली किंवा रंगीत छत्रीखाली तर कार्डाशिवाय फोटोच काढू नका.

तज्ज्ञांना पाठवताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाईल दाबली जात नाही. सोबत रोप किती दिवसांचं, पान वरचं का खालचं, पाऊस कधी झाला, हे लिहा. आमचे कृषी सहायक म्हणतात, अशा फोटोवर उत्तर द्यायला निम्मा वेळ लागतो.

पंचनाम्याच्या किंवा विम्याच्या कामाचा फोटो मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमधून काढू नका. मोबाईलचा मूळ फोटो, तारीख-ठिकाणासह, जसा आहे तसा ठेवा. तिथं रंग सुधारला तरी शंकेला जागा होते.

सगळ्याच्या दोन प्रती ठेवा. एक घरच्या मशीनवर, दुसरी हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क दुसऱ्या घरी. आपल्याकडं विजेचा भरवसा नाही, आणि पावसाळ्यात आभाळातल्या विजेचाही नाही. दीड-दीड जीबी इंटरनेटवर चढवत बसायचं म्हटलं तर निंदण तसंच राहील.

फोटोवरून पक्कं निदान होतंच असं नाही. पान हातात घेऊन, रोप उपटून मुळ्या पाहिल्याशिवाय शेवटचा शब्द कोणी बोलू नये. पण साहेब गावात रोज येत नाहीत, आणि रोग त्यांची वाट पाहत थांबत नाही. मधल्या दिवसांत खऱ्या रंगाचा एक फोटो बरंच काम करतो.

तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता, किती रॅमच्या मशीनवर, ते खाली लिहा. शेतीशाळेतल्या आणि विद्यापीठातल्या साहेब लोकांनीही सांगावं, फोटोसोबत अजून काय लिहून पाठवलं तर तुम्हाला सोपं जाईल. पुढची फेरी तुरीच्या मर रोगाची आहे, कार्ड खिशात ठेवलंय.

— अनसिंग, जि. वाशिम