कासच्या वाटेवर उड्या मारणारं चाक

मुलांनो, पावसाळ्यात साताऱ्याहून कासच्या पठारावर सायकलने कधी गेला आहात का? नसाल, तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला पटवा आणि जरूर जा. पण त्याआधी माझी फजिती वाचून घ्या. तुमच्या उपयोगाची आहे!

झालं असं, की गौरी-गणपतीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे साताऱ्याला आला. आहे नववीत, पण स्वारी आली ती सायकल घेऊनच. आणि सायकल तरी कशी? पुढच्या चिमट्यात शॉकअप आणि मागच्या चाकासाठी फ्रेमच्या मध्यावर आणखी एक शॉकअप. दगडावरून गेली, तरी बसणाऱ्याला धक्का बसत नाही. अशा सायकलला ‘फुल सस्पेन्शन’ म्हणतात. नव्हता तो फक्त मडगार्ड!

पहिल्याच दिवशी तो भर पावसात यवतेश्वरपर्यंत जाऊन आला. दारात उभा राहिला, तेव्हा मी ओळखलंच नाही. पाठीवर मानेपर्यंत लाल चिखलाचा पट्टा आणि चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके. “मावशी, डोळ्यांत गेलं गं काहीतरी!” म्हणून ओरडत होता.

असं का होतं बरं? चाकाला चिकटलेला चिखल चाकाबरोबर गोल फिरत वर येतो आणि सुटला की सरळ रेषेत उडतो, गोफणीतल्या दगडासारखा. मागच्या चाकाचा चिखल पाठीवर येतो, पुढच्याचा तोंडावर. उतारावर डोळ्यांत चिखल गेला, तर समोरची एसटी कशी दिसणार? शिवाय शॉकअपची चकचकीत दांडी सारखी आत-बाहेर होत असते. तिच्यावर रेती बसली, तर आतलं रबरी सील झिजतं.

आम्ही सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानातले काका म्हणाले, “बाई, याला मडगार्डच्या सळया अडकवायला भोकंच नाहीत. नाही बसणार.”

‘नाही बसणार’ हे शब्द शिक्षिकेला कसे पटावेत? माझ्या जुन्या सायकलचा पत्र्याचा मडगार्ड मी काढला आणि सीटखालच्या पाइपला तारेने घट्ट आवळला. टायर आणि पत्रा यांच्यात बोटभर जागा ठेवली. झकास दिसत होता!

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तो सायकलवर, मी मागून स्कूटरवर. समर्थ मंदिर मागे पडलं आणि घाट सुरू झाला. पहिल्याच वळणाच्या पुढे एक खड्डा आला. चाक खड्ड्यात गेलं आणि ‘खर्रर्र’ असा आवाज झाला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं! चढ होता, वेग नव्हता, म्हणून त्याने पाय टेकला आणि सावरला. पण माझ्या पायांतलं बळच गेलं. हेच उतारावर झालं असतं तर? पुढच्या चाकाला झालं असतं तर? तार तर मीच आवळली होती ना!

आम्ही तसेच घरी परतलो. अंगणात सायकल उभी केली आणि आता तरी नीट पाहू म्हणून बसलो. शॉकअपमध्ये हवा असते. आधी दाब किती आहे ते वहीत लिहून घेतलं, मग भाच्याने हवा सोडली आणि सीटवर बसला. सायकल खाली बसली, म्हणजेच फ्रेमच्या मानाने चाक वर आलं. मी पट्टीने मोजलं. तब्बल १२ सेंटिमीटर! आणि मी जागा ठेवली होती २ सेंटिमीटर. वर्गात रोज ‘माप घ्या, मग कापा’ असं सांगणाऱ्या बाईंनीच माप घेतलं नव्हतं.

मडगार्ड मी फ्रेमला बांधला होता. फ्रेम राहते जागेवर आणि चाक मारतं उडी! मागचं चाक ज्या दांड्यांत बसवलेलं असतं, ते दांडे फ्रेमला बिजागरीसारखे जोडलेले असतात. चाकाबरोबर ते वर-खाली होतात. म्हणजे मडगार्ड त्या दांड्यांवरच हवा. चाकाने उडी मारली, की तोही उडी मारील आणि दोघांमधलं अंतर तेवढंच राहील. पुढेही तसंच. चिमट्याचा खालचा भाग चाकाबरोबर हलतो, मडगार्ड त्याच्यावर बसवायचा.

मग लागलो कामाला. तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन धुऊन घेतला. आधी वर्तमानपत्राचा नमुना कापून चाकावर धरून पाहिला, मग प्लॅस्टिक कापलं. फ्रेमला भोक मात्र पाडायचं नाही, बरं का! भोक पडलं की फ्रेम कमजोर होते. प्लॅस्टिकला भोकं पाडून केबल टायने बांधलं. टायखाली पंक्चरच्या ट्यूबचे तुकडे ठेवले, म्हणजे मडगार्ड सरकत नाही आणि रंगही खरवडत नाही. टायरपासून २ सेंटिमीटर जागा ठेवली, नाहीतर तिथे चिखल साचून चाक जाम होतं.

हवा सोडलेलीच होती. भाचा पुन्हा बसला आणि काय! मडगार्डची पुढची कड सीटच्या पाइपला टेकली. ती ३ सेंटिमीटर कापली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी कुठे अडकत नाही ना, ते पाहिलं. शेवटी वहीतला आकडा पाहून हवा भरली. दुकानातल्या काकांना सायकल दाखवली. त्यांनी चाक फिरवलं, मडगार्ड हलवून पाहिला आणि म्हणाले, “बाई, बसला की!”

तिसऱ्या दिवशी मात्र थेट कास! साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. घाटात मागे वळून पाहिलं, की अजिंक्यतारा दिसतो. वर गेल्यावर उजव्या हाताला कण्हेर धरणाचं पाणी, डाव्या हाताला उरमोडीचं आणि मधून आपला रस्ता. ढग इतके खाली, की पुढची सायकल क्षणात दिसेनाशी व्हायची. खड्डे आले, चिखल उडाला, पण ‘खर्रर्र’ काही झालं नाही. बूट माखले, डोळे मात्र स्वच्छ.

कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत कास आहे. खाली जांभा दगड आणि वर मातीचा पातळसा थर. तेवढ्यावर तेरडा, सोनकी, गेंद फुलतात. ‘सीतेची आसवं’ हे इवलंसं निळं-जांभळं फूल तर फसवं! या मातीत पोषण कमी, म्हणून ते मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खातं.

“मावशी, इथे सायकल काय मस्त उडेल!” भाचा म्हणाला. मी नुसतं मडगार्डच्या आत बोट फिरवलं आणि लाल चिखलाचा गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. “एका फेरीत चाकाने रस्त्यावरून एवढं उचललं. पठारावर माती आहेच किती?” तो काही बोलला नाही. सायकल रस्त्याच्या कडेला लावून पायवाटेने चालू लागला.

मुलांनो, तुमच्या सायकलचा मडगार्ड कशाला बांधलाय, ते आज पाहा. शॉकअपवाली सायकल असेल, तर मोठ्यांना बरोबर घेऊन ती पूर्ण खाली दाबा आणि तेव्हा किती जागा उरते ते मोजा. उभ्या सायकलचं माप रस्त्यावर कामाला येत नाही. हे मला एका खड्ड्याने शिकवलं. तुम्ही मात्र अंगणातच शिका!