सीलांच्या इस्पितळात एक दुपार

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडला की डाव्या हाताला मरिन हेडलँड्सचे डोंगर लागतात. तिथे जायला एक जुना बोगदा आहे. एकाच गाडीच्या रुंदीचा. म्हणून आळीपाळीने एकेका बाजूची वाहतूक सोडतात आणि सिग्नलला पाच मिनिटं थांबावं लागतं. पाटीवरही तसंच लिहिलंय. आपल्याकडे पाच मिनिटांच्या सिग्नलला काय झालं असतं, ते सांगायला नकोच. इथे सगळे इंजिन बंद करून गप्प बसले होते.

गाडीत आम्ही तिघं होतो. भाची, तिचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी. एप्रिल महिना होता. बोगद्याच्या पलीकडे उतारांवर केशरी रंगाची पॉपीची फुलं फुललेली आणि समुद्रावरून धुकं आत सरकत होतं. आम्ही निघालो होतो ‘मरीन मॅमल सेंटर’ बघायला. भाचीच्या मुलाने ठरवलेली सहल होती ती. “मावशीआजी, गोव्यात सील नाहीत ना? मग तुला बघायलाच पाहिजेत,” असं त्याचं म्हणणं. खरं आहे. आपल्या अख्ख्या किनारपट्टीवर सील नाहीत. पियर 39 या धक्क्यावर आदल्या दिवशी आम्ही समुद्रसिंह पाहिले होते. 1989च्या भूकंपानंतर काही महिन्यांत ते तिथे येऊन नावा लावायच्या तरंगत्या फळ्यांवर पसरले आणि शेवटी ती जागा त्यांनाच देऊन टाकावी लागली. शेकडो समुद्रसिंह एकमेकांच्या अंगावर लोळत भुंकत असतात आणि पर्यटक आइस्क्रीम खात बघत असतात. मजा येते. पण इस्पितळ ही वेगळी गोष्ट आहे.

हे इस्पितळ जिथे आहे तिथे शीतयुद्धाच्या काळात ‘नाइके’ क्षेपणास्त्रांचा तळ होता. रशियन विमानं आली तर पाडायची म्हणून. तळ बंद पडला आणि 1975 साली तिघाजणांनी त्या जागी मुलांच्या खेळण्यातले हौद मांडून आजारी सीलांची शुश्रूषा सुरू केली. आताची ऐसपैस इमारत 2009ची. कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ हजार किलोमीटर किनाऱ्यावरून इथे रुग्ण येतात, आणि आजवर 24,000हून जास्त जनावरांना या लोकांनी किनाऱ्यावरून उचललं आहे. पगारी डॉक्टर मोजके. बाकी हजारावर स्वयंसेवक आहेत. आम्हाला माहिती देणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. दर आठवड्याचा ठरलेला एक दिवस त्या मासे कापायला येतात.

वरच्या गच्चीवरून खालचे कुंपण घातलेले हौद दिसतात. त्या दिवशी बहुतेक रुग्ण हत्ती सीलची पिल्लं होती. हत्ती सील म्हणजे ज्याच्या नराला सोंडेसारखं नाक असतं तो. पूर्ण वाढलेला नर दोन हजार किलोपर्यंत जातो. पिल्लांना सोंड नसते. असतात ते फक्त दोन प्रचंड मोठे काळे डोळे. भाचीचा मुलगा त्या डोळ्यांकडे बघून विरघळलाच.

या पिल्लांची कथा ऐकून मी मात्र चकित झाले. जन्मताना पिल्लू तीस-पस्तीस किलोचं असतं. आई जेमतेम चार आठवडे पाजते, पण ते दूध इतकं घट्ट की निम्म्याहून जास्त स्निग्धांशच. त्या चार आठवड्यांत पिल्लू सव्वाशे किलोच्या आसपास जातं. आई तोवर स्वतः एक मासाही खात नाही. आणि मग एके दिवशी ती सरळ समुद्रात निघून जाते. परत येत नाही. पिल्लू किनाऱ्यावर अंगावरच्या चरबीवर दोन-अडीच महिने काढतं आणि पोहायला, मासे पकडायला आपलं आपणच शिकतं. यात काहीही बिनसू शकतं. वादळाने आई-पिल्लाची ताटातूट होते, किंवा शिकार जमतच नाही. असं हाडं वर आलेलं पिल्लू मग या हौदात येतं.

इथलं काम म्हणजे मुख्यतः स्वयंपाकघर. हेरिंग नावाचे मासे, दिसायला आपल्या तारल्यांसारखे, पाण्यात वाटून पातळ पेज करतात. एकजण गुडघ्यांवर बसून पिल्लाला मागून धरतो, दुसरा नळी घशाखाली उतरवतो आणि ती पेज पोटात सोडतो. असं दिवसातून अनेक वेळा. काही दिवसांनी मग ‘माशांची शाळा’ भरते. अख्खा मासा पाण्यातून ओढत नेतात, म्हणजे पिल्लाला कळावं की अन्न हलतं आणि त्याच्या मागे जावं लागतं. कित्येक पिल्लं नुसती बघत राहतात. आम्ही बघत होतो त्याने मासा तोंडात धरला, सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. भाचीच्या मुलाने खालचा ओठ चावत ते सगळं पाहिलं. शेवटी तो मासा बुडाशी गेला आणि बाईंनी हातातली पाटी पाहून काहीतरी टिपलं. आज जमलं नाही, उद्या पुन्हा.

आणि हे सगळं मुक्याने चाललेलं असतं. पिंजऱ्यात शिरणारा माणूस फळीआड राहतो, लाडाने बोलत नाही, थोपटत नाही. पिल्लाला माणसाची सवय लागली तर समुद्रात सोडल्यावर ते बोटींकडे, माणसांकडे येईल आणि मरेल. मायेने हात न फिरवणं हाच इथला उपचार. आपल्या घरात हे कुणाला जमेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. गायीच्या वासरालाही आपण नाव ठेवतो आणि गोंजारतो. नावं इथेही ठेवतात म्हणा, पण ती फळ्यावर राहतात.

हत्ती सील हा यातला आनंदाचा भाग. एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या तेलासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर शंभरही उरले नव्हते. 1922मध्ये मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं, मग अमेरिकेने. आज ते लाखाच्या पुढे आहेत. दुसऱ्या टोकाला हवाईचा मंक सील. जगात सुमारे सोळाशेच. त्यांच्यासाठी याच संस्थेने 2014मध्ये हवाईच्या मोठ्या बेटावर वेगळं इस्पितळ उघडलं. दूरच्या निर्मनुष्य बेटांवरची उपाशी पिल्लं जहाजाने आणायची, जाडजूड करायची आणि जिथून आणली तिथेच नेऊन सोडायची. तिथे त्यांचा एक मोठा शत्रू म्हणजे मांजर! भटक्या मांजरांच्या विष्ठेतला परजीवी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जातो आणि सीलला मारतो. घरचं मांजर बाहेर सोडणारा माणूस आपण सील मारतोय असं स्वप्नातही म्हणणार नाही.

समुद्रसिंहांच्या हौदाजवळ आलो तेव्हा एक मादी मान एका लयीत हलवत बसली होती. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. मुलाला वाटलं, नाचतेय. बाईंनी सांगितलं की तिच्या मेंदूला विष चढलंय. समुद्रात एका जातीचं सूक्ष्म शेवाळ अचानक माजतं, त्यात डोमोइक आम्ल नावाचं विष असतं. ते बारीक माशांत जातं आणि मासे खाणाऱ्या समुद्रसिंहांना झटके येतात. 1998मध्ये या किनाऱ्यावर चारशेहून जास्त समुद्रसिंह असे मेले, तेव्हा कारण शोधण्यात इथल्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. हेच विष शिंपल्यांतून माणसाच्याही ताटात येऊ शकतं, म्हणून तिथलं सरकार समुद्रसिंहांच्या आजारावर लक्ष ठेवून असतं. शिवाय इथे मरणाऱ्या प्रौढ समुद्रसिंहांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा कर्करोगाचा असतो. त्यात एका विषाणूचा हात आहे आणि पन्नास वर्षांपूर्वी बंदी घातलेल्या डीडीटीचाही. बंदी आली, विष समुद्रातच राहिलं.

“ती बरी होईल?” मुलाने विचारलं. बाई म्हणाल्या, काही होतात, काही नाही होत. बरं होणार नाही अशा जनावराला इथे वेदना न होता मरण देतात. त्यांनी आवाज बारीक केला नाही की गोड बोलून विषयही बदलला नाही. मला ते आवडलं.

मग त्यांनी नियम सांगितले. किनाऱ्यावर सील दिसला तर पन्नास यार्ड लांब राहायचं, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर. कुत्रा सोडायचा नाही, पाणी ओतायचं नाही, खायला घालायचं नाही. फोन करायचा. आणि त्याला समुद्रात ढकलायचं नाही. कारण बहुतेकदा तो विश्रांतीला वर आलेला असतो आणि नसेल तर आजारी असतो, आणि आजारी जनावराला पाण्यात लोटणं म्हणजे बुडवणं. एकटं दिसलेलं पिल्लूही कित्येकदा अनाथ नसतं. आई मासे पकडायला गेलेली असते आणि माणसं दयाबुद्धीने उचलून नेतात.

तिथे मला पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा काणकोण तालुक्यातला एक किनारा आठवला. सकाळी फिरायला गेलो होतो, तर ओहोटीच्या वाळूत डॉल्फिन पडलेला. जिवंत. आम्ही आठ-दहाजण जमलो. कुणी शेपटी धरली, कुणी पर ओढले, आणि त्याला पाण्यात नेलं. लाटेने तो पुन्हा वाळूवर आला. आम्ही पुन्हा नेला. असं पाच-सहा वेळा. शेवटी तो दिसेनासा झाला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तो दोन किलोमीटरवर मरून पडला होता. तेव्हा वाटलं, नशीब त्याचं. आपण केलं ते केलं.

मी हे गच्चीवरच सांगून टाकलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. “मावशीआजी, तू ढकललंस?”

“हो.”

“शेपटी धरून?”

“शेपटी धरून.” शेपटीला, परांना ओढलं की सांधे निखळू शकतात, हे मला आता माहीत आहे. डॉल्फिन सीलसारखा जमिनीवर राहणारा नाही, त्यामुळे त्याच्यासाठी करायचं थोडं वेगळं. त्याला पोटावर सरळ ठेवायचं, सावली करायची, अंग ओलं ठेवायचं आणि डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी, वाळू जाऊ द्यायची नाही. गर्दी हटवायची. आणि वनखात्याला किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला कळवायचं. पुढचं जाणकार ठरवतील. बाईंनी माझ्यावर दया दाखवली नाही, दोषही दिला नाही. म्हणाल्या, सुरुवातीला इथेही लोक असंच करायचे.

1972 साली, दीड-एक महिन्याच्या अंतराने, भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांचा. आपल्या समुद्रातले डॉल्फिन आणि देवमासे आज आपल्या कायद्यात वाघाच्याच पंगतीला बसतात. कायद्यात आपण मागे नाही. पण वाळूवर पडलेल्या जनावराला न्यायचं कुठे, हा प्रश्न आपल्याकडे अजून उरतोच. 2023च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं तेव्हा वनखातं, गावकरी, मच्छीमार जवळजवळ दोन दिवस पाणी मारत, दोर लावत झटले. त्याला खोल समुद्रात सोडलंही. ते जगलं नाही. त्या माणसांची टीव्हीवरची चित्रं मला आठवतात. आमच्यासारखी टाळ्या वाजवणारी नव्हती ती, थकलेली होती. आणि इतकं लहान पिल्लू आईविना समुद्रात सोडलं तरी त्याला पाजणार कोण?

कुणी तिकडे जाणार असाल तर फेब्रुवारी ते जून या दिवसांत जा, तेव्हा हौद भरलेले असतात. आधी चौकशी करून वेळ ठरवून घ्या. आणि स्वेटर न्या. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, ही समजूत त्या धुक्यात पाच मिनिटं टिकत नाही.

इस्पितळाच्या खालीच रोडिओ बीच आहे. वाळूऐवजी लाल-हिरवे बारीक खडे. तिथे चहा प्यायला थांबलो तर खड्यांवर एक समुद्रसिंह आडवा पडलेला. एक जोडपं मोबाइल घेऊन त्याच्याकडे सरकत होतं. भाचीचा मुलगा उठला आणि मोठमोठी पावलं टाकत पन्नास मोजले. मग त्या जोडप्याला इंग्रजीत अगदी नम्रपणे काहीतरी सांगितलं. ती दोघं ओशाळून मागे आली. भाचीने फोन केला. थोड्या वेळाने एक स्वयंसेवक आला, आमच्याही मागे उभा राहून दुर्बिणीतून बघत राहिला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. जखम नाही, दोरी अडकलेली नाही, श्वास ठीक. मग त्याने दुर्बीण गळ्यात सोडली आणि सांगितलं, झोपलाय.

“मग आता काय करायचं?” मुलाने विचारलं.

काही नाही, म्हणाला. झोपू द्यायचं.

आम्ही चहा संपवला. बोगद्याची वेळ गाठायची म्हणून निघालो, तेव्हा त्याने एक पर उचलून पोट खाजवलं आणि कूस बदलली.