ऐकू येणारी अक्षरं

हिप हॉप आणि कॉमिक्स यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं की उत्तरात बहुतेक वेळा नावं येतात. वू-टँग क्लॅनमधल्या घोस्टफेस किलाने १९९६च्या अल्बमचं नावच 'आयर्नमॅन' ठेवलं आणि स्वतःला टोनी स्टार्क्स म्हणवून घेतलं. त्याचा जोडीदार मेथड मॅन 'घोस्ट रायडर'मधला जॉनी ब्लेझ झाला. त्याही आधी, १९७९मध्ये, 'रॅपर्स डिलाइट' या रॅपच्या पहिल्या मोठ्या हिट गाण्यात सुपरमॅन आणि लोइस लेन येऊन गेले होते. हे सगळं खरं आहे. पण मी कॉमिक्सची अक्षरं काढतो. पात्रांच्या डोक्यावरचे फुगे भरायचे, दार आपटल्याचा 'धाड्' पानभर रंगवायचा, हा माझा रोजचा उद्योग. तिथून बघताना मला हे नातं नावांपेक्षा अक्षरांत जास्त घट्ट दिसतं. दोन्हीकडे अक्षर वाचता आलं एवढ्याने भागत नाही, ते कानात वाजावं लागतं.

ब्रॉंक्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फेज टू या नावाने लिहिणाऱ्या एका मुलाने फुगीर, एकमेकांवर रेलणारी अक्षरं काढायला सुरुवात केली. पुढे हिप हॉपच्या कार्यक्रमांची पत्रकंही त्याने केली. भुयारी रेल्वेच्या डब्यांवर अशी नावं रंगवणारी मुलं स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, 'रायटर' म्हणवत. नावाच्या शेजारी उभं करायला त्यांना पात्रं लागत, आणि ती ते कॉमिक्समधून बेधडक उचलत. त्यांचा सगळ्यात लाडका कॉमिक्सकार होता व्हॉन बोडे. डोंडीसारख्या रायटरने त्याची पात्रं डब्यांवर नेली, तेव्हा बोडे हयात नव्हता. १९७५मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला.

बोडेच का? त्याचा चीच विझर्ड म्हणजे चांदण्या काढलेली भलीमोठी टोपी आणि खाली दोन पाय. तोंड नाही, डोळे नाहीत. अशा पात्राचा स्वभाव कळायला त्याचं बोलणं तेवढं उरतं. ते बोडे हाताने लिहायचा, रस्त्यावर कानावर पडतं तसंच्या तसं, शुद्धलेखन धाब्यावर बसवून. फुगा तो पुष्कळदा चौकटीच्या बाहेर, चित्राला न चिकटवता ठेवी. आणि त्याचे 'कार्टून कॉन्सर्ट' असत, ते मला फार महत्त्वाचे वाटतात. पडद्यावर चौकटी सरकत, फुगे पुसलेले असत, आणि सगळ्या पात्रांचे आवाज बोडे स्वतः काढी. एक माणूस, एक माईक, समोर श्रोते, मागे चित्र. ब्रॉंक्समध्ये एमसी नावाचा, माईकवर रॅप करणारा माणूस तेव्हा नुकता घडत होता.

मग रॅपर एमएफ डूम. डॅनियल डुमिले हे त्याचं खरं नाव. १९९३मध्ये त्याचा धाकटा भाऊ सबरॉक मोटारीखाली सापडून गेला. पाठोपाठ दोघांच्या केएमडी या गटाचा तयार अल्बम कंपनीने मुखपृष्ठावरच्या चित्रावरून अडवला. ते चित्र डुमिलेनेच काढलेलं होतं. काही वर्षं तो दिसेनासा झाला. परतला तो न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेच्या मंचावर, चेहऱ्यावर स्त्रियांचा पायमोजा ओढून. पुढे धातूचा मुखवटा आला, मार्व्हलच्या डॉक्टर डूमवर बेतलेला. १९६२मध्ये स्टॅन लीबरोबर डॉक्टर डूम घडवणारा जॅक कर्बी याच वस्तीत जन्मला आणि वाढला होता. हा निव्वळ योगायोग असेल, पण मला त्याचा मनापासून आनंद होतो.

एमएफ डूमचा १९९९चा 'ऑपरेशन: डूम्सडे' हा अल्बम मी काम करताना लावतो. गाण्यांच्या अधेमधे 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या जुन्या कार्टून मालिकेतले आवाज येतात. ते गाण्याच्या आत मिसळत नाहीत, कडेला उभे राहतात. आमच्याकडे 'तेवढ्यात तिकडे...' म्हणणारी निवेदनाची पिवळी चौकट नेमकं हेच काम करते: स्थळ बदलते, काळ ढकलते आणि बाजूला होते. आपलं नाव सगळं मोठ्या लिपीतच लिहावं, असा डूमचा हट्ट होता. अमेरिकी कॉमिक्समधला फुगाही परंपरेने मोठ्या लिपीतच भरतात. माझ्या लेखी त्याने आपलं नावसुद्धा फुग्यात बसवलं.

देवनागरीत मोठी लिपी नाही, आणि माझी खरी मेहनत इथे सुरू होते. अलीकडे एका मराठी रॅपरच्या गाण्याची दोन पानं केली. आवाज चढवायला माझ्याकडे जाडी आणि शिरोरेषा एवढंच. शब्द एका दमात सुटतात तिथे शिरोरेषा ओळभर अखंड ओढली, शब्दांमधली फट जवळजवळ मिटवली. ठेका जिथे थांबतो तिथे ती तोडली, आणि ओळ व्याकरणाने नाही, श्वासाने मोडली. वाक्य अर्ध्यावर लटकलं तरी चालेल. अडचण उकारांची आणि वेलांट्यांची. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. लांब नेल्या तर दम जातो. शेवटी ते उकार खालच्या ओळीत घुसू दिले, मात्रा थोड्या कलत्या केल्या, आणि पान त्या रॅपरपुढे ठेवलं. त्याने गाणं न लावता, पानावर बोट फिरवत ते म्हणून पाहिलं. दुसऱ्या चौकटीत तो अडखळला. ती ओळ मी पुन्हा काढतो आहे.